फडातला तांब्या

(पहाट. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा, म्हणजे झोपड्यांचा, तळ. टायरगाडीला बैल जुंपले जातायत.)

कोप्या बीडच्या, ऊस कृष्णाकाठचा. गाडीत कोयते चढले, भाकरीचं गाठोडं चढलं. सगळ्यात शेवटी चार महिन्यांचं बाळ.

(फड. गाडीखाली साडीची झोळी.)

झोळी हलली की आईचा कोयता थांबतो. पदरानं ती आधी हातावरची पाचटाची कुसळं पुसते, मग बाळाला घेते. बाळ ओढायला लागतं आणि तिचा घसा कोरडा पडतो. बहुतेक बाळंतिणींना हा अनुभव आहे. अंगच पाणी मागतं.

आईच्या दुधात शंभरातले सुमारे 87 भाग पाणी. या वयाचं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. आई पाणी कमी प्यायली म्हणून दूध लगेच आटत नाही. आधी आई सुकते. लघवी गडद पिवळी होते, डोकं ठणकतं, मोळी उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येते. पहिले सहा महिने बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, या उन्हातही नाही. म्हणजे त्याच्या वाटणीचंही हिनंच प्यायचं. हंडाभर रिचवून दूध वाढत नाही, तेही खरं. पाजायला बसताना तांब्या हाताशी हवा, एवढंच.

(निळा ड्रम. तांब्या.)

ड्रम भरलेला आहे. ती दोन घोट घेते आणि तांब्या खाली ठेवते. बाळंतिणीनं जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं, असं सासूनं सांगितलेलं. पण सगळं सासूवर ढकलू नका. हिचं कारण ऐका:

"पिलं की जावं लागतंय. चहूकडं गडी माणसं. ऊस उभा होता तवर आडोसा होता. आता त्यो बी आमीच तोडला."

(मोकळा फड, वरून.)

लघवी तुंबवून होणारा संसर्ग, दवाखान्याचा खर्च, खाडा म्हणजे बुडालेल्या दिवसाचा दंड, हे मागोमाग येतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं 2019 साली गाजली, तेव्हा विधिमंडळातही चर्चा झाली. फडावर संडास मात्र आम्हाला दिसला नाही.

(संध्याकाळ. मोळ्या भरून झाल्यात.)

ड्रम अजून अर्धा आहे. तो घमेल्यात रिकामा केला जातो, बैलांसाठी.

ते सावकाश पितात. पोटभर.