लिस्बन : भिंतीच्या आतलं शहर

नदीला लागून असलेला हा केवढा मोठा चौक बघा, तिन्ही बाजूंना पिवळ्या कमानी, मधे घोड्यावर बसलेला राजा, टुरिस्ट लोक इथे येतात, फोटो काढतात आणि ट्राम पकडायला पळतात. जरा थांबा. १७५५ सालापर्यंत इथे राजवाडा होता. त्यात राजाची ७० हजार ग्रंथांची लायब्ररी होती आणि त्याला लागूनच कासा दा इंडिया, म्हणजे गोवा, दीव, चौल, वसई इकडून जे काही जहाजात भरून यायचं, मिरी म्हणा, कापड म्हणा, त्याचा सगळा हिशोब ठेवणारी कचेरी. वसई तर चिमाजी अप्पांनी १७३९ मध्येच जिंकून घेतली होती, पण तिथल्या दोनशे वर्षांच्या कारभारातले कितीतरी कागद इथे या काठावर पडून होते.

मग १ नोव्हेंबर १७५५ उजाडला. ऑल सेंट्स डे, सणाचा दिवस, सकाळची साडेनऊ-पावणेदहाची वेळ, सगळी चर्च माणसांनी भरलेली आणि प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला तेव्हा जे वाचले ते मोकळी जागा म्हणून इथेच, नदीकडे धावले, आणि थोड्या वेळाने समुद्राचं पाणी आत घुसलं, त्सुनामी आली. उरलेलं आगीने खाल्लं, ती आग जवळजवळ आठवडाभर धुमसत होती. माणसं हजारोंनी मेली. राजवाडा, लायब्ररी, कासा दा इंडियाची दप्तरं, सगळं गेलं. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातली किती पानं त्या आगीत जळाली असतील याचा विचार केला की खरंच जीव हळहळतो.

राजा पहिला जोझे त्या सकाळी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला, पण त्याने एवढी धास्ती घेतली की पुढे मरेपर्यंत तो दगडी वाड्यात राहिलाच नाही, आजुदाच्या टेकडीवर लाकडी महाल बांधून राहिला. कारभार सगळा त्याच्या मंत्र्याने हातात घेतला, पुढे मार्किस दे पोंबाल म्हणून ओळखला गेला तो. हा माणूस अतिशय कठोर, विरोधकांना त्याने जे हाल करून मारलं ते वाचवत नाही, पण भूकंपानंतर त्याने जे केलं त्याला तोड नाही. देशभरच्या चर्चना प्रश्नावली पाठवली, धक्का किती वेळ होता, किती माणसं गेली, समुद्र आधी मागे गेला का, पाणी किती चढलं, विहिरींचं काय झालं. देवाचा कोप म्हणून हात जोडून बसायच्या काळात कोणीतरी माहिती गोळा करत होतं, आणि ती उत्तरं बऱ्यापैकी आजही सरकारी अभिलेखागारात आहेत.

आता या मोठ्या कमानीखालून आत चला. हा सगळा भाग बाइशा, सरळ काटकोनातले रस्ते, एकसारख्या इमारती. मानुएल दा माया नावाचा जवळपास ऐंशीचा म्हातारा इंजिनियर, त्याच्याबरोबर युजेनियो दोस सांतोस आणि कार्लोस मार्देल, यांचं हे काम. बाहेरून बघितलं तर साध्याच इमारती वाटतात, काहींना तर कंटाळवाण्या वाटतात, पण खरी गंमत प्लॅस्टरच्या आत आहे. भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा आहे, उभे-आडवे वासे आणि त्यांच्यामधे फुलीसारखे तिरके, मधल्या फटीत दगड-विटांचे तुकडे आणि चुना. याला इथे गायोला म्हणतात, पिंजरा. जमीन हलली तर लाकूड थोडं वाकेल, दगड पडले तरी मजला डोक्यावर येणार नाही, असा हिशोब. असं सांगतात की याचं मॉडेल चौकात उभं करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं. दोन इमारतींच्या मधली भिंत छपराच्याही वर काढलेली, आग शेजारी जाऊ नये म्हणून.

रुआ दोस कोरेइरोसवर एका बँकेच्या इमारतीखाली गाईडबरोबर उतरता येतं. खाली रोमन काळातली मासे खारवायची टाकी आहेत, आणि त्याच मातीत पोंबालच्या वेळी ठोकलेले लाकडी खांब, ज्यांवर वरची इमारत उभी आहे. जमीन ओली, आणि लाकूड पाण्याखाली राहिलं की कुजत नाही, म्हणून अडीचशे वर्षं टिकलंय. लिस्बनमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर बेलेंचा बुरूज सोडा आणि इथे या, असं मी कोणालाही सांगेन.

आणि रस्त्यांची वाटणी पण तेव्हाच ठरली, १७६० मध्ये, कुठल्या रस्त्यावर कुठला धंदा. सोनार इथे, चांदीवाले तिथे, मोची, खोगीरवाले, कापडवाले, अगदी आपल्याकडे तांबट आळी, बुरूड आळी असते तसंच. आता सोन्याच्या रस्त्यावर बँका आणि ब्रँडेड कपडे आहेत, पण जुनी दुकानं अजून सापडतात, शोधायची तयारी पाहिजे.

थोडं वर चढून शियादोला गेलं की बर्ट्रांड, १७३२ पासूनचं पुस्तकांचं दुकान, गिनीज बुकात जगातलं सगळ्यात जुनं चालू दुकान म्हणून नोंद आहे. भूकंपात पडलं, दुसरीकडे हलवलं, १७७३ मध्ये परत इथे आले. जवळच १७८९ पासून मेणबत्त्या विकणारं दुकान आहे. आणि रुआ दो कार्मोवर लुवारिया उलिसेस, १९२५ चं हातमोज्यांचं दुकान, इतकं छोटं की दोन गिऱ्हाईकं आत गेली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. काउंटरवर एक छोटी उशी असते, त्यावर कोपर टेकवून हात वर धरायचा, विक्रेता मोज्याची बोटं लाकडी चिमट्याने एकेक करून सैल करतो, आत पावडर मारतो आणि मग स्वतः तुमच्या हातावर चढवतो, एकेक बोट खाली ओढत, मनगटापर्यंत. घाई अजिबात नाही.

दुकानातून बाहेर पडून वर बघितलं की कार्मोचा मठ दिसतो, छप्पर उडालेलं, नुसत्या कमानी आकाशात. तो तसाच ठेवलाय. याच मठाच्या शेजारच्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही राजवटीने शरणागती पत्करली, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं, गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं झाल्यावर.

मला या शहराची काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीसाठी. २०१२ मध्ये भाड्याचा कायदा बदलला, वर्षानुवर्षं गोठलेली भाडी मोकळी झाली, त्यात टुरिस्ट वाढले, मग इमारतीच्या इमारती हॉटेलं झाल्या आणि कितीतरी दुकानांनी शटर ओढलं ते कायमचं. महापालिकेने २०१५ पासून जुन्या दुकानांची यादी करून त्यांना मदत द्यायला सुरुवात केली, ते चांगलंच झालं. पण इमारतींचं काय? समोरचा चेहरा तसाच ठेवून आतल्या भिंती काढतात, मोठा हॉल हवा म्हणून, मोठी काच हवी म्हणून. त्या भिंतीतच तर गायोला आहे! बाहेरून फोटोत काही फरक दिसत नाही, रंगसुद्धा तोच पिवळा, आणि भूकंप व्हायचा धोका काही संपलेला नाही. म्हणून इथल्या जुन्या इमारतीतल्या हॉटेलात राहणार असाल तर बुकिंग करताना नाश्ता आणि वायफायबरोबर एवढं जरूर विचारा, की रिनोव्हेशन करताना तुम्ही आतला लाकडी सांगाडा ठेवला की काढला?