वेंधळेपणा म्हणून सोडून देण्याआधी

बडोद्याच्या दांडिया बाजार परिसरातल्या मराठी घरांतली मुले घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत अनेकदा इंग्रजी बोलतात. त्यामुळे तिसरीतल्या मुलाचे अक्षर बिघडले किंवा वाचन अडखळले, की भाषांच्या सरमिसळीला दोष देऊन विषय मिटवला जातो. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने मराठी लिहिताना काही दिवस ती विसरली, तर त्यात काळजीचे काही नाही. परंतु एखादी गोष्ट तोंडी रंगवून सांगणारे मूल तीच गोष्ट लिहिताना कोणत्याही लिपीत चार ओळींतच थकत असेल, तर कारण भाषेबाहेर शोधावे लागते.

वैद्यकशास्त्र ज्याला 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर' म्हणते आणि एरवी ज्याचा उल्लेख 'डिस्प्रॅक्सिया' असा होतो, ती अडचण 5 ते 11 वर्षे वयाच्या सुमारे 5 ते 6 टक्के मुलांत आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दोघांत. या मुलांची बुद्धी कमी नसते, मात्र हालचाल आखून ती वेळेवर आणि नेमकी पार पाडणे त्यांना जड जाते. शर्टाची बटणे, बुटांची नाडी, पट्टी धरून ओढायची रेघ, अशा रोजच्या कामांत ते दिसते. नवरात्रात तर ते सर्वांदेखत दिसते. बरोबरीची मुले थोड्या सरावाने टाळी आणि पाऊल जुळवतात. हे मूल मात्र दरवर्षी पुढच्याकडे पाहत अर्धे पाऊल मागे राहते आणि पुढे गरब्याला जायचेच नाकारते. घरचे त्याला लाजाळू ठरवतात. आमच्या मते ही फेरी कित्येकदा प्रगतिपुस्तकाहून अधिक सांगते, अर्थात केवळ तिच्यावरून निदान होत नाही.

वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, याच मुलात असू शकते किंवा स्वतंत्रपणेही असू शकते. मराठी-गुजरातीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळत असल्याने तिथे ती मुख्यतः संथपणातून जाणवते, तर इंग्रजीत चुकांतून.

शिक्षक आणि पालकांनी कोणते काम अडते, कुठे आणि केव्हापासून, याची नोंद ठेवावी, डोळे व कान तपासून घ्यावेत आणि ती नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटावे. गरजेप्रमाणे ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे आणि हालचाली जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे, किंवा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. आधी सहज जिने चढणारे मूल आता वारंवार पडत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रेटत असेल, तर मात्र नोंदी करत थांबू नये, कारण हा स्नायूंचा आजार असू शकतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्लेक्सियाबरोबर डिस्प्रॅक्सियाचाही उल्लेख आहे. परीक्षेतला जादा वेळ किंवा लेखनिक यांसाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून ती धावपळ दहावीपर्यंत लांबवू नये. फळ्यावरचा मजकूर छापून देणे, काही उत्तरे तोंडी घेणे आणि खराब अक्षराबद्दल तेच पान पुन्हा लिहायला लावण्याची शिक्षा बंद करणे, यासाठी वर्गशिक्षकांना कोणत्याही कागदाची वाट पाहावी लागत नाही.