जुन्या एसयूव्हीचं ॲव्हरेज : गेलं कुठं आणि परत कसं मिळवायचं

(कोल्हापुरात जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी वापरणाऱ्या गाडीमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक हिशोब सांगतो, म्हणजे पुढचं सगळं ऐकण्यात अर्थ आहे की नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

समजा, तुमची जुनी बोलेरो लिटरला 9 किलोमीटर देते. शेजाऱ्याची छोटी कार 18 देते. तुमची गाडी 9 वरून 10 वर आली तर घरचे म्हणतील, एकच तर वाढला, त्यात काय मोठंसं! आता शंभर किलोमीटरला किती डिझेल लागतं ते बघा. 9 च्या ॲव्हरेजला 11.1 लिटर, 10 च्या ॲव्हरेजला 10 लिटर. वाचलं 1.1 लिटर. शेजाऱ्याला शंभर किलोमीटरमागे तेवढंच तेल वाचवायचं असेल तर त्याची कार 18 वरून थेट 22.5 वर जावी लागते. म्हणजे तुमचा एक किलोमीटर हा त्याच्या साडेचार किलोमीटरच्या बरोबरीचा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी 2008 साली 'सायन्स' नियतकालिकात नेमकं हेच दाखवून दिलं होतं, की एका लिटरला किती पळाली या भाषेत विचार केला की माणसं फसतात. ठरावीक अंतराला किती तेल लागलं असं विचारलं की चित्र स्पष्ट होतं. त्यामुळे 'आता या जुन्या गाडीकडं काय बघायचं' असं म्हणणारा माणूस उलटा हिशोब करतो. कमी ॲव्हरेजच्या गाडीकडंच आधी बघायचं.

दुसरी गोष्ट. जुन्या गाडीचं ॲव्हरेज कुणी 'वाढवून' देत नाही. कंपनीतून निघाली तेव्हा ती जे देत होती त्यातलं काही गळून गेलंय, ते परत मिळवता येतं. दहाची गाडी पंधरा देईल असं सांगणाऱ्याच्या गॅरेजमधून चावी घेऊन बाहेर पडा.

पण गळलंय किती, हे तरी माहीत हवं ना? 'माझी गाडी बारा देते' असं छातीठोक सांगणाऱ्याला मी विचारतो, मोजलं कसं? तर म्हणे, काटा बघून. जुन्या गाडीचा डिझेलचा काटा हा ज्योतिषाइतकाच भरवशाचा. मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. डिझेलला फेस येतो, त्यामुळे गाडी हलवून, थांबून, पुन्हा थोडं थोडं गच्च भरायला गेलात तर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, किमान चार-पाचशे किलोमीटरच्या अंतरानं पुन्हा भरा. लिटर आणि किलोमीटर डायरीत लिहा. तीन-चार वेळा झालं की खरा आकडा समोर येतो.

यात एक गंमत आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बोलेरोला कंपनीचा टायर 215/75 आर 15. पुष्कळ जण गाडी उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून 235/75 आर 15 बसवतात. पहिल्या टायरचा व्यास साधारण 703 मिलिमीटर, दुसऱ्याचा 733. म्हणजे चार टक्क्यांहून थोडा जास्त. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. मीटरवर हजार किलोमीटर पडले तेव्हा गाडी प्रत्यक्षात हजार बेचाळीस पळालेली असते. ॲव्हरेज कमी दिसतं, आणि बिचाऱ्या फिटरनं इंजिनाचं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) खराब केलं म्हणून भांडण होतं. मोठा टायर वजनानंही जड असतो, त्यामुळे थोडं तेल खरोखर जास्त जातं, पण सगळं नाही. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवरून किंवा मोबाइलच्या जीपीएसवरून तुमचा मीटर एकदा ताडून बघा.

आता इंजिनकडं येऊ. इथं मला एका लहानशा भागाविषयी जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्याकडं त्याच्यावर फार अन्याय झालाय. थर्मोस्टॅट. मुठीत मावेल एवढा पितळी-स्टीलचा वॉल्व्ह, इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसलेला. त्यात मेण असतं. इंजिन थंड असताना तो बंद असतो, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगतं, वॉल्व्ह उघडतो, पाणी रेडिएटरकडं जातं.

आपल्याकडं गाडी एकदा घाटात तापली की मेकॅनिक पहिलं काम काय करतो? हा वॉल्व्ह काढून फेकून देतो. 'साहेब, आपल्याकडं एवढी गरमी, याची गरजच नाही.' दोन-तीन मालक बदललेल्या गाडीत हा वॉल्व्ह जागेवर नसणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. मग होतं काय? इंजिन त्याच्या ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही, किंवा फार उशिरा पोचतं. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, तेल नीट जळत नाही. कॉमन रेल गाडी, म्हणजे जिच्यात किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशी, असेल तर तिच्या कॉम्प्युटरला वाटतं की इंजिन अजून थंडच आहे, आणि तो त्या समजुतीनं जास्त डिझेल सोडत राहतो. थंडीत सकाळी गाडी काढून वीस-वीस किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला याचा फटका सगळ्यात जास्त. वर काही इंजिनांत वॉल्व्ह काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरतो, म्हणजे ज्या तापण्याच्या भीतीनं तो काढला ती भीतीही जात नाही. गाडी तापली होती ती तुंबलेल्या रेडिएटरमुळे नाहीतर झिजलेल्या वॉटर पंपामुळे, आणि शिक्षा झाली थर्मोस्टॅटला.

तपासायला एक रुपया लागत नाही. सकाळी थंड इंजिन चालू करा. रेडिएटरच्या वरच्या टोकाला जो जाड रबरी होस येतो त्याला अधूनमधून हात लावा, फॅनपासून हात आणि कपडे सांभाळून. तो बराच वेळ गारच राहायला हवा, आणि मग एकाएकी गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर समजा की वॉल्व्ह उघडाच अडकलाय किंवा मुळात नाहीच. नवा बसवताना त्याच्यावर छापलेलं तापमान तुमच्या इंजिनाचंच आहे ना ते बघा. आणि कूलंट टाका, नळाचं पाणी नको.

एअर फिल्टरबद्दल दोन टोकांचे समज आहेत. नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर मळला तर जोर कमी होतो, ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण कॉम्प्युटर हवेच्या प्रमाणात पेट्रोल कमी करतो. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप ज्यात कॉम्प्युटरशिवाय चालतो, त्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीत तसं नाही. तिथं हवा कमी आली म्हणून पंप तेल कमी करत नाही. जास्तीचं तेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जातं. ऊसतोडणीच्या दिवसांत शेतातल्या रस्त्यानं गाडी जात असेल तर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका. पण साफ करताना कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारायची, आणि जपून. जोरात मारली की कागद फाटतो. त्या बारीकशा चिरेतून धूळ सिलिंडरमध्ये गेली की रिंग आणि लायनर झिजतात, आणि ते ॲव्हरेज परत आणायला हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन उघडून रिंग-लायनर बदलायचं, काम काढावं लागतं. फिल्टर काही शेकड्यांत येतो. शंका आली की बदला.

काळा धूर दिसला की लगेच 'पंप-नोझल करून घ्या' असं सांगतात. थांबा. आधी टर्बोपासून (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) इंटरकूलरकडं (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारे होस बघा. जुन्या रबराला भेग पडली की दाबाची हवा बाहेर निसटते, रेस दिल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो. त्या जागी तेलकट डागही दिसतो. साबणाचं पाणी लावून रेस द्या, बुडबुडे येतात का बघा. क्लिप आवळून किंवा होस बदलून काम होत असेल तर पंप उघडायचं कारण नाही. एवढं करूनही धूर जात नसेल तर मग नोझल टेस्टिंगला द्या. कॉमन रेल असेल तर इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते, मोजून घ्या. आणि ते काम त्याच कामाचं बेंच, म्हणजे तपासणीचं यंत्र, असलेल्या दुकानातच.

आता चाकांकडं. लांबून आल्यावर, शेवटची दोन-चार किलोमीटर ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथं ब्रेक धरून राहिलाय. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना गंजतात, मागं ड्रममध्ये हँडब्रेकची केबल अडकते. जॅक लावून चाक हातानं फिरवलं तरी कळतं. हा दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण गाडी चालते, फक्त तेल जास्त पिते. हवेबद्दल एवढंच सांगतो, की दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलाय तोच आकडा, गाडी थंड असताना. पळून आलेल्या गरम टायरमध्ये तीन-चार पॉइंट जास्त दिसले म्हणून हवा सोडू नका. नायट्रोजन भरा किंवा साधी हवा भरा, दाब सारखा असेल तर ॲव्हरेजला फरक पडत नाही.

टपावरचं कॅरिअर. लग्नसराईत सामान टाकायला लावलं आणि मग कायमचंच राहिलं, असं किती जणांचं आहे? हात वर करा... बघा. रिकामं कॅरिअरसुद्धा महामार्गावर वारा अडवतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 च्या वेगाला जेवढा, त्याच्या दीडपटीहून जास्त 100 ला. 120 ला सव्वादोन पट. आपल्या गाड्यांचा आकार म्हणजे चाकांवरचं कपाटच, त्यामुळे हा हिशोब छोट्या कारपेक्षा आपल्याला जास्त जड जातो. समृद्धी महामार्गावर 120 ची परवानगी आहे म्हणून पंधरा वर्षांची स्कॉर्पिओ तिथवर ताणणारे भेटतात, आणि मग ॲव्हरेज पडलं म्हणतात. टायरच्या वयाचा विचार तर त्याहून आधी करायला हवा. कोल्हापूर-पुणे साधारण 230 किलोमीटर धरा. रस्ता पूर्ण मोकळा असता तर 80 आणि 100 मध्ये पस्तीस-एक मिनिटांचा फरक. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात आणि टोलनाक्यांवर त्यातली किती मिनिटं हाती लागतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

घाटाचं मात्र नीट ऐका. आंबा घाटातून साखरप्याकडं उतरताना गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आजही आहेत. तेल वाचतं अशी त्यांची पक्की समजूत. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि डिझेल बंद होतं. जुन्या पंपात गव्हर्नर ते काम करतो, कॉमन रेलमध्ये कॉम्प्युटर. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला तेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जळतं, वर सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि आंबा घाटात बाजूला काय आहे ते तुम्ही पाहिलेलं आहे. चढताना उलट चूक होते. टॉप गिअरमध्ये धडधडत नेतात. एक गिअर खाली घ्या, इंजिनाला श्वास घेऊ द्या.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, की लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचं यंत्र किंवा डिझेलच्या पाइपला बांधायचं लोहचुंबक घ्यावं का. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभराहून जास्त साधनं तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. लायटरच्या यंत्रात बहुतेकदा एक दिवा असतो, तो मात्र नक्की लागतो.

दुसरी चिठ्ठी : 'ॲव्हरेजसाठी जुनी विकून नवी घ्यावी का?' वर्षाला 12,000 किलोमीटर धरू. जुनी 10 देते, नवी 15. जुनीला 1200 लिटर, नवीला 800. चारशे लिटरचा फरक. डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर वर्षाला छत्तीस हजार. बारा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी काढलंत तर पहिल्या वर्षाचं व्याजच लाखाच्या घरात जातं. तेव्हा केवळ तेलासाठी बदलू नका. जुन्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, घरातली मुलं तिच्यातून प्रवास करतात, या कारणानं बदलायची असेल तर तो वेगळा विचार आहे आणि मी तुम्हाला अडवणार नाही. रनिंग वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटरचं असेल तरीही हिशोब बदलतो, तो घरी कागदावर मांडून बघा.

बाकीचे प्रश्न बाहेर घेऊ. ज्यांच्या गाड्या सकाळपासून उभ्या आहेत त्यांनी चालू करू नका, नुसतं बॉनेट उघडून ठेवा. इंजिन गार आहे तोवर थर्मोस्टॅट कुणाकुणाच्यात शिल्लक आहे ते बघून घेऊ.