आई, हे बेरजेचं की वजाबाकीचं?

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी साडेसातची वेळ. कुकरची दुसरी शिट्टी झालेली. ओट्याशी सून कणीक मळतेय आणि जेवणाच्या टेबलावर तिसरीतली माझी नात गणिताची वही उघडून बसलीय. पुस्तकातलं उदाहरण ती वाचतच नाही. मान वर करते आणि विचारते, "आई, हे बेरजेचं की वजाबाकीचं?" सून कणकेतला हात न काढता पुस्तकाकडे एक नजर टाकते. "वजाबाकीचं." मिनिटभरात उत्तर तयार, तेही बरोबर. वही बंद आणि नात पसार.

मी तिथंच लसूण सोलत बसले होते. काही बोलले नाही. सुनेचे हात कणकेत असताना सासूनं बोलू नये, एवढा हिशेब मला कळतो. पण तुम्हाला सांगते, त्या उदाहरणातलं अवघड काम आईनं केलं आणि सोपं तेवढं मुलीच्या वाट्याला आलं. वजाबाकी काय, मोबाइलही करतो. इथं वजाबाकीच का करायची, हे ठरवणं म्हणजेच तर शाब्दिक उदाहरण.

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यामुळे आज ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं १९७९च्या सुमारास गणित शिकवण्याचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक प्रश्न घातला होता. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांना आकडे जुळवून कप्तानाचं वय सांगून टाकलं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, आपली मुलं काही असं करायची नाहीत. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात जहाज आणि कप्तान यांच्या जागी धनगर घातला आणि तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. भराभर हात वर. छत्तीस, बाई, छत्तीस! एकानं तर गुणाकार करून २६० आणले होते. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं, "अरे, दोनशे साठ वर्षांचा माणूस असतो का?" त्यानं मुकाट्यानं खोडलं आणि छत्तीस लिहिलं.

आता यात गंमत बघा. पोरं बुद्धू नव्हती. २६० वर्षांचा धनगर नसतो, एवढा विचार त्यांनी केलाच की! पण शाळेच्या गणितात प्रश्न चुकीचा असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुस्तकातल्या प्रश्नाला उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात आणि या आठवड्यात गुणाकाराचा धडा चालू असेल तर गुणाकारच करायचा असतो, असे नियम ती आमच्याकडूनच शिकली होती.

आणि आम्ही काय करत होतो? माझ्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता. मीच स्केचपेननं सजवून लिहिलेला. एकूण, मिळून, जास्त आलं की बेरीज. उरले, कमी, शिल्लक आलं की वजाबाकी. प्रत्येकी आलं की गुणाकार, वाटले म्हटलं की भागाकार. फार अभिमान होता मला त्या तक्त्याचा. मग एक दिवस हे उदाहरण आलं. राधाकडे १२ बोरं आहेत. तिच्याकडे गीतापेक्षा ५ बोरं जास्त आहेत. तर गीताकडे किती? अर्ध्याहून अधिक वर्गानं सतरा लिहिलं. का? तक्ता म्हणतो, जास्त म्हणजे बेरीज. दुसरं ऐका. झाडावर काही चिमण्या होत्या. ८ उडून गेल्या, १५ उरल्या. आधी किती होत्या? उडून गेल्या, उरल्या, दोन्ही शब्द वजाबाकीकडे बोट दाखवतात आणि करायची असते बेरीज. तक्ता मी त्याच आठवड्यात काढला. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं मात्र पुढं बरीच वर्षं राहिली.

आता घरी हा बोरांचा घोळ झाला तर काय करायचं? "चूक, वजाबाकी कर" असं म्हणायचं नाही. विचारायचं, "दोघींत जास्त बोरं कोणाकडे?" मूल परत वाचेल आणि म्हणेल, राधाकडे. "मग गीताकडे बारापेक्षा जास्त असतील का कमी?" इथं थोडा वेळ जातो. जाऊ द्या. आपल्याला गप्प बसवत नाही हो, हीच खरी अडचण आहे. फारच अडलं तर कागदावर दोन आडव्या रेघा मारायला सांगा, एक लांब, एक आखूड. लांब रेघ राधाची. आखूड रेघेच्या पुढं जो तुकडा जास्त राहतो, तो पाचाचा. एकदा हे चित्र काढलं की सतरा लिहायला हात धजत नाही.

बरेचदा पोर गणितात अडत नाही, मराठीत अडतं. दुसरीच्या वर्गात मी एकदा उदाहरण घातलं, आईने ४ मुलींना प्रत्येकी ६ लाडू दिले, तर एकूण किती लाडू दिले? एक मुलगी पेन्सिल चावत नुसती बसून. विचारलं, काय झालं ग? म्हणाली, "बाई, प्रत्येकीला सहा दिले, पण बाकीच्या तिघींना किती दिले ते लिहिलंच नाही." रेवती, पार्वती, मालती, तशी ही प्रत्येकी! मी हसले, पण नंतर विचार केला, तिच्या घरात हा शब्द कोण बोलतं? तिची आई म्हणते, "एकेकीला सहा-सहा." तेच उदाहरण मी "एकेकीला सहा-सहा" असं सांगितलं आणि तिनं बोटांवर मोजत चोवीस काढले. गुणाकार तिला येत होता. प्रत्येकी येत नव्हती. असेच पैकी, दर, पट, फरक. हे पुस्तकातले शब्द आहेत, घरातले नाहीत. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर ते आणखी लांबचे.

आकड्यांच्या नावांचंही तसंच. त्रेपन्न म्हणताना आपण आधी तीन उच्चारतो, मग पन्नास. लिहिताना आधी पाच, मग तीन. ऐकून लिहिणारं पोर ३५ लिहून मोकळं होतं आणि आपण म्हणतो, लक्ष नाही. एकोणपन्नासमध्ये तर आख्खी वजाबाकी दडलेली आहे, पन्नासात एक उणा! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असं आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. पार विधिमंडळापर्यंत गेलं प्रकरण. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात. मला स्वतःला जुनी नावं सोडवत नाहीत, पाढ्यांची चालच बिघडते. पण अडचण खरी आहे, ती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

मग शाब्दिक उदाहरण घेऊन बसायचं कसं? माझी एक युक्ती आहे, तिला खर्च चार चिंचोके. उदाहरणातल्या प्रत्येक आकड्यावर एकेक चिंचोका ठेवायचा. आता वाच. "एका शाळेतली काही मुलं सहलीला निघाली. एका एसटीत काही मुलं बसतात. तर किती एसटी लागतील?" आकडेच नाहीत म्हटल्यावर त्यांच्यावर झडप घालता येत नाही, गोष्ट ऐकावीच लागते. मग सांग, काय झालं? कोण निघालं? आपल्याला शोधायचंय काय? त्याच्या भाषेत सांगू दे, "पोरं जास्ती हायेत, गाडी लहान हाय" असं म्हणालं तरी उत्तम. मग अंदाज, एका गाडीत मावतील का? आणि मगच चिंचोके उचलायचे. मुलं १३०, एका गाडीत जागा ४४.

भागाकार केला, भागाकार आला दोन, बाकी ४२. नातीच्या वर्गातल्या नव्हे, माझ्या चौथीतल्या एका हुशार मुलानं उत्तर लिहिलं होतं, २ एसटी, बाकी ४२. मी म्हटलं, "अरे, म्हणजे बेचाळीस पोरं स्टँडवरच?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच विषयाबाहेरचं काहीतरी विचारतेय. गणितात कुठून आला स्टँड? पण आता तेच आकडे घ्या. माझ्याकडे १३० रुपये आहेत, एक वही ४४ रुपयांची, तर किती वह्या येतील? तोच भागाकार, तीच बाकी. तिथं उत्तर तीन, इथं दोन. तिथं बाकीसाठी आणखी एक गाडी बोलवायची, इथं बाकी परत खिशात. हे दोन प्रश्न एका बैठकीत शेजारी-शेजारी घाला. वीस उदाहरणं सोडवून घेण्यापेक्षा हे दोन बरे, असं माझं मत आहे. काही पालकांना ते पटत नाही, त्यांना पान भरलेलं दिसायला हवं असतं.

बाजारात बसणारी पोरं हे आपोआप करतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका मुलाला विचारलं, एक नारळ ३५चा, तर दहा नारळांचे किती? शून्य लावून ३५० असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, तिनाचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, आणि असं मोजत ३५० वर आला. विकताना या मुलांची जवळजवळ सगळीच उत्तरं बरोबर होती. नंतर कागद-पेन्सिल देऊन तसेच हिशेब घातले. गोष्टीत गुंफलेल्या उदाहरणांत चारातली तीन बरोबर आली आणि नुसत्या आकड्यांच्या मांडणीत निम्मीही नाहीत. म्हणजे बघा, आपण ज्या शाब्दिक उदाहरणाला घाबरतो, त्याच्या गोष्टीनंच त्या मुलांना हात दिला होता. त्यातल्या नारळावर त्यांचा विश्वास होता.

म्हणून भाजी आणायला जाताना पोराला बरोबर न्या. पावशेर मिरची, दीड किलो कांदे, अडीच किलो बटाटे. आमच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी घोकली, तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या, पण आजही भाजीवाल्याच्या आधी हिशेब होतो तो त्याच जोरावर. घोकून घ्या असं मी म्हणत नाही. पण पावणेदोन म्हणजे किती, हे आठवीतल्या मुलाला थांबून आठवावं लागतं, तेव्हा वाईट वाटतं खरं.

सेमी इंग्रजीवाल्या पालकांसाठी एक वेगळं. तुमच्या मुलाचं गणित इंग्रजीत आहे. ऑल्टुगेदर आणि लेफ्ट हे शब्द त्याला पाठ असतात, मधलं वाक्य सुटून जातं. तेव्हा वही इंग्रजीतच राहू दे, पण टेबलावरचं बोलणं मराठीत करा. गोष्ट त्याला आपल्या भाषेत दिसली, की कागदावर ती कोणत्याही भाषेत उतरते. शिकवणीला बाराशे रुपये देण्याआधी हे पंधरा दिवस करून बघा.

आणि गणितात गोष्ट कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला भास्कराचार्यांकडे पाठवा. त्यांची लीलावती ११५०च्या सुमाराची. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. लीलावतीत भुंग्यांचा एक थवा आहे. त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या झाडावर. एक भुंगा उरला, तो केतकी आणि मालती या दोघींच्या वासानं वेडावून हवेतच घिरट्या घालतोय. तर सांग, एकूण भुंगे किती? काय गरज होती त्या शेवटच्या भुंग्याला असं भुलवायची? पण तो आठवणीत राहतो आणि त्याच्यामुळे उदाहरणही. नातीला मी हे चिंचोक्यांवर घातलं. पाच वाटे करता आले पाहिजेत आणि तीन वाटेही, एवढं सांगितल्यावर तिनं पंधरा चिंचोके मोजून घेतले. तीन इथं, पाच तिथं, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. उरलेला एक उचलून तिनं डोक्यावर गरगर फिरवला.

हल्ली आमचा उलटा खेळ चालतो. उदाहरण तिनं तयार करायचं, सोडवायचं मोठ्यांनी. परवा रात्री जेवताना तिनं बाबांना घातलं, "आईने १२ पोळ्या केल्या. बाबांनी ५ खाल्ल्या. तर आईने किती खाल्ल्या?" माझा मुलगा इंजिनिअर. घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "सात." नात टाळ्या पिटत ओरडली, "चूक! मी आणि आज्जी पण होतो ना! हे सांगताच येत नाही."

सून काही बोलली नाही. तिनं फक्त पोळ्यांचा डबा उघडून त्याच्यापुढं धरला. आत एकच होती.

नमस्कार.