संपर्क फॉर्मवरचा स्पॅम: तपासणी दारामागे हवी

मंडळी, फॉर्मवर स्पॅम वाढला की आपण आधी कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखणारं कोडं, बसवतो. २००० च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लुम, लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम सुरू केलं, तेव्हा वाकडीतिकडी अक्षरं यंत्राला वाचता येत नव्हती. आज येतात. शिवाय पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणारी माणसंही मिळतात. अडकतो तो खरा माणूस. चित्रांच्या कॅप्चातला, अमेरिकेतल्या रस्त्यावरचा फायर हायड्रंट (आग विझवण्यासाठीचा नळ) साताऱ्याच्या आजोबांनी कसा ओळखायचा? अंध माणसाची अडचण तर वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००५ मध्येच मांडली होती. म्हणून माझा आग्रह आहे, तपासणी सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकावर करा, तीही येणाऱ्याला न अडवता.

सुरुवात लपवलेल्या रकान्यापासून करा. माणसाला तो दिसत नाही. साधा बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम, मात्र दिसेल तो रकाना भरतो आणि सापडतो. पण त्याला ‘फोन’ किंवा ‘ईमेल’ असं नाव दिलंत, तर ब्राउझर तो आपोआप भरेल आणि चांगला ग्राहक स्पॅममध्ये जाईल. अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही तो वगळायला सांगा, टॅब दाबत जाणारा माणूस तिथे पोचता कामा नये. जोडीला वेळ बघा: पान उघडल्यावर दोन सेकंदांत कुणी चार ओळी टाइप करत नाही.

एका आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, किती संदेश घ्यायचे याची मर्यादा घालताना हात सैल ठेवा. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकच आयपी वापरत असतात.

क्लाउडफ्लेअरच्या टर्नस्टाइलसारखी, माणूस ओळखणारी सेवा लावली असेल, तर तिचं टोकन (तपासणी पार केल्याची डिजिटल खूण) सर्व्हरवर पडताळाच. नुसतं पानावर चिकटवून उपयोग नाही, कारण बॉट पान न उघडता थेट फॉर्मच्या पत्त्यावर माहिती पाठवतो. हे टोकन पाच मिनिटं चालतं, आणि तेही एकदाच.

‘तुमचा संदेश मिळाला’ या पोचपावतीत मूळ मजकूर परत पाठवू नका. स्पॅमर फॉर्ममध्ये तिसऱ्याच कुणाचा ईमेल पत्ता लिहितो, आणि जाहिरात तुमच्या डोमेनवरून त्याच्याकडे जाते. मग तुमची खरी पत्रंही स्पॅममध्ये पडू लागतात.

एका नियमाची मला खरोखर चीड येते: ‘इंग्रजीखेरीज दुसरी अक्षरं आली की संदेश नाकारा.’ रशियन स्पॅम थांबवायला तो लावतात, आणि मराठीत तक्रार लिहिणारी बाई बाहेर राहते. देवनागरी हा संशयाचा पुरावा नाही. संदेशातल्या लिंक मोजा, एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतोय का ते पाहा.

नवा नियम आधी फक्त खूण करण्यापुरता चालवा. संशयित संदेश पुसू नका, वेगळ्या पेटीत ठेवा आणि आठवड्याला एकदा कुणीतरी ती पेटी उघडेल असं ठरवा. त्यात खरी पत्रं निघाली, तर तो नियम त्याच दिवशी सैल करा.