धार आणि तळहात: टॉमाहॉकची खरी परीक्षा

माझ्या हातात आहे ती टॉमाहॉक, म्हणजे एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड. शब्द मूळचा उत्तर अमेरिकेतल्या अल्गोंक्वियन भाषांतला. तिथल्या मूळ रहिवाशांकडे आधी दगडी पात्यांची हत्यारं होती. सतराव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांनी लोखंडी पाती आणली आणि आज आपण ओळखतो तो आकार रूढ झाला. 1960 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात काही अमेरिकन सैनिकांनी नव्या घडणीच्या टॉमाहॉक जवळ बाळगल्या. इतिहास इथेच थांबवतो, कारण मला बोलायचं आहे ते लाकडाबद्दल, पोलादाबद्दल आणि तळहाताबद्दल.

नेहमीच्या कुऱ्हाडीहून ही हलकी असते. पातं साधारण अर्धा-पाऊण किलोचं, दांडा दीड-पावणेदोन फुटांचा. घावाची ताकद वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे हलकं पातं जोरात फिरवलं तर तेही चांगलं काम देतं. मात्र तो वेग आपल्या मनगटातून आणि खांद्यातून येतो. जड कुऱ्हाड स्वतःच्या वजनाने पडते, टॉमाहॉक प्रत्येक वेळी आपल्याला फेकावी लागते. शंभर घावांनंतर हा फरक अंगाला कळतो.

आता पोलाद. या पात्यात कार्बन साधारण 0.55 टक्के आहे. पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, त्याची कठीणता रॉकवेल मापावर पन्नाशीच्या थोडी पुढे ठेवतात. स्वयंपाकघरातली चांगली सुरी याहून कठीण असते, मग इथे का नाही? कारण सुरीला दणका बसत नाही. फार कठीण धार घावाखाली तुकडा टाकते, फार मऊ धार दुमडते. तोडकामाचं पोलाद आधी चिवट असावं लागतं. दुमडलेली धार घासून सरळ करता येते. तुकडा उडाला तर मात्र त्या खोलीपर्यंत सगळं पातं घासून काढावं लागतं.

परीक्षा मी अशी घेतो. धार नवी लावायची आणि ती कागद सरळ कापते का, हातावरची लव उतरते का हे पाहायचं. मग वाळलेल्या कठीण लाकडाचा ओंडका घ्यायचा, मनगटापेक्षा जाड, साल काढलेला. साल काढायलाच हवी, कारण तिच्या भेगांत वाळूचे कण बसलेले असतात आणि वाळू पोलादापेक्षा कठीण असते. सालीसकट तोडलं तर आपण लाकडाऐवजी वाळूची परीक्षा घेतो. शंभर घाव मोजून घालायचे, थांबायचं, पातं पुसायचं, वहीत नोंद करायची. असे पाच फेरे. घाव तिरका घालायचा, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, म्हणजे खाच रुंद होते आणि ढलप्या सुटून येतात. सरळ आडवा घाव घातला तर हे पातळ पातं लाकडात रुतून बसतं आणि ते हलवून काढताना धारेला पीळ बसतो.

पाहायचं कसं, हे जरा सावकाश सांगतो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. दिवा समोर ठेवा आणि धार डोळ्यांकडे करून पातं हळूहळू कलतं करा. चांगली धार दिसतच नाही, तिथे नुसती काळी रेघ असते. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार दुमडली किंवा चपटी झाली, कारण उजेड परतवायला तिथे जागा तयार झाली. मग नख धारेवरून आडवं, पाठीकडून काठाकडे न्या, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. ज्या बाजूला नख अडकतं तिकडे धार वळलेली आहे.

पहिल्या तीन फेऱ्यांत माझ्या पात्यावर काहीच चमकलं नव्हतं. लव उतरायची थांबली होती, पण कागद कापत होता. चौथ्या फेऱ्यात, ओंडक्यात गाठ लागली नसतानाही, खालच्या टोकाजवळ तांदळाच्या कणीएवढा ठिपका चमकला. मला आधी वाटलं पाणी नीट दिलेलं नाही, पोलादात खोट आहे. वही उघडली तर तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी लिहिलेलं होतं: अनामिकेच्या मुळाशी फोड.

तिथे मला गोष्ट उलगडली. फोड दुखू नये म्हणून मी नकळत मूठ सैल केली होती. सैल मुठीत दांडा किंचित फिरतो, पातं तिरकं पडतं, जोर धारेच्या पाठीवर येण्याऐवजी तिच्या कुशीला बसतो. पोलाद निर्दोष होतं, धार माझ्या हाताने वाकवली होती. तेव्हापासून मी धार किती टिकते आणि दांडा हाताला कसा बसतो या दोन वेगळ्या परीक्षा मानत नाही.

म्हणून दांड्याकडे वळलो. तो गोल होता, त्यावर वॉर्निशचा जाड लेप होता. घामेजल्या हाताला वॉर्निश चिकटतं, कातडी ओढली जाते आणि फोड येतो. मी तो लेप काचेच्या तुकड्याने खरवडून काढला, दोन्ही अंगं थोडी तासून दांडा लंबगोल केला, पॉलिश पेपर मारला आणि जवसाचं तेल मुरवलं. लंबगोल दांडा न बघताही सांगतो की धार कुठे तोंड करून आहे. एक चांगली सोय पारंपरिक घडणीत आधीच असते: टिकावासारखं इथेही पातं दांड्याच्या बारीक टोकाकडून घालून वर सरकवतात. फिरवताना ते आणखी घट्ट बसतं, पाचर लागत नाही. लाकूड आकसून पातं ढिलं झालं, तर दांड्याचं वरचं टोक ओंडक्यावर ठोकलं की पुन्हा आवळतं. अखंड पोलादी दांड्याला ही चिंता नसते, पण घावाचा हादरा लाकूड जितका पोटात घेतं तितका तो घेत नाही. तासभर तोडणाऱ्याने लाकडी दांडाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

धार पुन्हा लावून, त्याच ओंडक्याच्या उरलेल्या भागावर पाचही फेरे पुन्हा केले. चौथा फेरा संपला तेव्हा तळहात लाल होता, फोड नव्हता. आता हे पातं टेबलावर दिव्याखाली ठेवतो. पाचशे घावांनंतर त्याला हात लावलेला नाही. एकेकाने या आणि कलतं करून बघा, खालच्या टोकाजवळ काही चमकतं का.