लुनीक आठ आणि लुनीक नऊ

(दृश्य : कारखान्याची धुराडी, मग एकसारख्या इमारतींच्या रांगा)

पूर्व स्लोव्हाकियातील कोशित्से हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. १९६०च्या दशकात येथे पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि त्याच्या कामगारांसाठी तयार सिमेंटच्या तुकड्यांनी जोडलेल्या इमारतींच्या वसाहती बांधण्यात आल्या. सोव्हिएत चांद्रयानांचे तेव्हा कौतुक होते, म्हणून त्यांवरूनच या वसाहतींना ‘लुनीक’ हे नाव मिळाले, आणि पुढे क्रमांक पडत गेले. आता पडद्यावर दिसते आहे ते लुनीक नऊ.

(दृश्य : काचा नसलेल्या खिडक्या, सज्जांतून वाळणारे कपडे)

येथे रोमा लोक राहतात. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरूनच ओळखता येते. नाकाला नाक, कानाला कान आणि पाण्याला पानी हे शब्द त्यांच्या बोलीत आजही आहेत. समाजवादी राजवटीत रोमा पुरुष बांधकामावर, पोलाद कारखान्यात आणि सहकारी शेतांवर राबत होते. काम हलक्या प्रतीचे आणि बिनशिक्षणाचे असले तरी पगार नियमित होता. लुनीक नऊमध्येही आरंभी रोमांच्या शेजारी सैनिक आणि पोलिसांची कुटुंबे राहत असत, ही गोष्ट आज हा जिना पाहताना खरी वाटत नाही.

१९८९ मध्ये समाजवादी राजवट कोसळल्यानंतर कारखाने आणि शेते यांची फेररचना झाली आणि सर्वांत आधी ज्यांना घरी पाठवण्यात आले ते हेच बिनशिक्षणाचे कामगार होते. १९९१ मध्ये शासनाने रोमांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. म्हणजे कागदावर ओळख मिळाली त्याच सुमारास हातातला रोजगार गेला. भाडे थकू लागले. १९९५ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी भाडे थकवणाऱ्यांना आणि ‘जुळवून न घेणाऱ्यांना’ लुनीक नऊमध्ये हलवण्याचे ठरवले. जुळवून न घेणारे, हा स्लोव्हाक व्यवहारातील सभ्य शब्द आहे. त्यात जातीचे नाव उच्चारावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याला मात्र नेमके कळते. अडीच हजार माणसांसाठी आखलेल्या वसाहतीत पुढे दुपटीहून अधिक लोक कोंबले गेले, इतर कुटुंबे निघून गेली, आणि मग साऱ्या शहराने बोट दाखवून म्हणावे की पाहा, हे लोक असेच राहतात. दारिद्र्य येथे साठवण्यात आले आणि नंतर तोच रोमांचा स्वभाव ठरला. आमच्या मते स्लोव्हाक आणि रोमा यांच्यातील वैराचे मूळ रक्तात शोधण्यापेक्षा घरवाटपाच्या नोंदवहीत शोधावे.

(दृश्य : पलीकडची वसाहत, जुन्या मोटारी, बाकावर बसलेले निवृत्त कामगार)

पलीकडे लुनीक आठ आहे. तेथील स्लोव्हाक कामगारही श्रीमंत नव्हता. २०००च्या आगेमागे देशात जवळपास पाचातील एक जण बेकार होता, आणि पूर्वेकडे अवस्था त्याहून बिकट होती. एकूण उत्पन्नाच्या मोजमापात स्लोव्हाकियातील विषमता युरोपात अगदी कमी भरते. मात्र ही सरासरी राजधानी ब्रातिस्लाव्हा आणि पूर्वेकडील जिल्हे यांच्यातील दरी झाकून टाकते. राजधानीतील सुबत्ता या कामगाराच्या डोळ्यांसमोर नसते, डोळ्यांसमोर असते ती लुनीक नऊ. आपण घसरलो हे ज्याला दररोज जाणवते, त्याला आपण अजून तळाला पोहोचलो नाही याचा पुरावा हवा असतो, आणि तो खिडकीतूनच दिसतो. २००४ मध्ये सरकारने सर्वांना १९ टक्क्यांचा एकच आयकर लागू केला आणि त्याच वर्षी मोठ्या कुटुंबांचे सामाजिक साहाय्य कापले. पूर्वेकडील रोमा वस्त्यांत दुकाने लुटली गेली, पोलीस आणि सैनिक उतरवण्यात आले. त्या वर्षी चर्चा झाली ती लुटीची, कराची नव्हे.

(दृश्य : भिंत, डावीकडून उजवीकडे, संथपणे)

ही चौकट जरा थांबून पाहावी. २००९ मध्ये पूर्व स्लोव्हाकियातील ओस्त्रोवानी या गावात रोमा वस्तीच्या कडेने पंचायतीच्या पैशातून सुमारे १५० मीटर लांबीची भिंत बांधण्यात आली. बागांतील चोऱ्या रोखायच्या आहेत, असे कारण देण्यात आले. २०१३ मध्ये कोशित्से युरोपची सांस्कृतिक राजधानी असतानाच लुनीक आठच्या बाजूला अशीच भिंत उभी राहिली, आणि तेथे कारण होते वाहनतळाचे. युरोपीय आयोगातील संस्कृतीच्या आयुक्त आंद्रुला वासिलिउ यांनी महापौरांना पत्र लिहून निषेध नोंदवला. भिंत फार उंच नाही. वळसा घालून कोणालाही पलीकडे जाता येते. तिचा उपयोग चोर अडवण्यापेक्षा अलीकडच्यांना आपण अलीकडचे आहोत हे सांगण्यासाठी अधिक होतो.

परिणाम थोडक्यात असे. २०१३ मध्ये अतिउजवे नेते मारियान कोत्लेबा यांनी बान्स्का बिस्त्रित्सा प्रांताच्या प्रमुखपदाची निवडणूक जिंकली आणि २०१६ मध्ये रोमाविरोधी प्रचार करणारा त्यांचा पक्ष १४ जागांसह संसदेत पोहोचला. रोमा मुलांना वेगळ्या वर्गांत बसवल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये स्लोव्हाकियाला न्यायालयात नेले.

(दृश्य : जिन्यात खेळणारी मुले)

२०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ५ हजार लोकांनी आपण रोमा असल्याचे नोंदवले. दोन वर्षांनी वस्तीवस्तीतून झालेल्या पाहणीत हा अंदाज ४ लाखांवर गेला. उरलेल्यांपैकी अनेकांनी अर्जात स्लोव्हाक किंवा हंगेरियन लिहिले होते.

(येथून शेवटपर्यंत निवेदन नाही. मुलांचे आवाज तसेच ठेवावेत.)